कंसातल्या आंटी

प्रयोगशाळा, खिडकीजवळचं टेबल
गुरुवार, दुपारचे तीन

ती. वहिनीस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. वाकताना पाठीत उसण भरली, त्यामुळे नमस्कार अर्ध्यावर अडकला आहे. तिथूनच गोड मानून घे. पत्र पोचेल तेव्हा तुम्ही सगळे खुशाल असाल असं लिहायची रीत आहे आणि रीत मोडायचं बळ माझ्यात नाही, तेव्हा असाच. माझं विचारशील तर वजन वाढलं आणि केस गेले. देणाऱ्याने एका हाताने काढून दुसऱ्या हाताने दिलं, फक्त जागा चुकवली. बाबांनी शिवलेला पांढरा ॲप्रन आता पोटावर बसत नाही. परवा जेवून खुर्चीत टेकलो आणि मधलं बटण तुटून थेट सरांच्या चहात पडलं. सरांनी ते चमच्याने काढलं, रुमालाला पुसलं आणि "तुझं आहे का?" असं विचारून परत केलं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की माझं पत्र वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "पोरगा माया फार ठेवतो." हे वाचून मी दोन दिवस अगदी वेगळाच माणूस होतो. बाबांच्या तोंडून असं काही ऐकायची आपल्या घरात कुणाला सवय नाही. दादाच्या लग्नात त्यांनी दादाला जवळ घेतलं होतं, पण तेव्हाही ते कोटाचा खांदा नीट बसलाय का ते बघत होते हे तुला ठाऊक आहे. तेव्हा बाबांना सांग, त्यांचं वाक्य पोचलं आणि फार बरं वाटलं.

(हा आजचा पहिला कंस. नियम तोच. आधी स्वयंपाकघरात उभ्याने, एकटीने सगळं वाचायचं, आणि मग बाबांच्या शिलाई मशीनजवळ स्टूल ओढून कंसाबाहेरचं तेवढं मोठ्याने वाचायचं. सहा वर्षं हे काम तू बिनबोभाट केलं आहेस. औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तुझी नजर इतकी तयार झाली आहे की माझं अक्षर लागणारी जगात तू एकटीच. बाबांना ते लागत नाही आणि दादाला त्याचं स्वतःचंही लागत नाही, म्हणून आपला हा उद्योग निभावला. आज मात्र कंस जरा लांबणार आहे. गॅसवर काही असेल तर उतरवून ठेव.)

बाबा, इकडे सगळं छान आहे. हवा चांगली आहे. सरांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तुम्ही आंटींसाठी शिवून पाठवलेली पिशवी रोज वापरात आहे. काजवाल्याचा तपास जोरात चालू आहे.

(वरच्या चार-पाच वाक्यांत हवेचं आणि नमस्काराचं तेवढं खरं. पिशवी वापरात आहे, पण आंटी तिच्यात नसतात, सरांचा चष्मा असतो. आणि काजवाल्याचा तपास संपला, वहिनी. आम्ही सहा वर्षं भलत्याच माणसाच्या मागे होतो.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी मला पहिल्यापासून सांगू दे. चष्मा हरवला की माणूस सगळ्या खोल्या परत फिरतो, तसं माझं झालंय. ज्या वर्षी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला आणि शर्टाची कॉलर एका बाजूला कलायला लागली, त्याच वर्षी मला इथे जागा मिळाली. या दुखण्यात पेशीतलं एक प्रथिन नको इतकं काम करतं असा सरांचा कयास. त्या जातीच्या प्रथिनांना काइनेज म्हणतात. त्यांचं काम एवढंच की दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा एक बारीकसा तुकडा नेमक्या जागी लावायचा, म्हणजे ते दुसरं प्रथिन चालू तरी होतं किंवा बंद तरी होतं. निघायच्या आदल्या दिवशी हे मी बाबांना समजावून सांगत होतो. ते सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते, आणि पाचव्यांदा दोरा चुकल्यावर मान वर न करता म्हणाले, "म्हणजे काज-बटणवाला. काइनेज म्हणजे काजवाला." मी हुशार माणूस, म्हणून आधी वाद घातला. नंतर इथे येऊन जाडजाड पुस्तकं वाचली, आणि त्यांतल्या एकानेही ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेली नाही. आमचा काजवाला भलत्या जागी, भराभर बटणं लावत सुटतो, म्हणून बाबांचा हात हलतो. त्याला आवरणारं औषध शोधायचं होतं, आणि मी निघताना म्हणालो होतो, "वर्षभरात आणतो."

काजवाला डोळ्यांना दिसत नाही. त्याला ओळखायला अँटिबॉडी लागते. मी फोनवर आनंदाने ओरडलो होतो की अँटिबॉडी मिळाली, आता काळजी नाही, तिला उणे वीस अंशांत ठेवलंय. बाबांनी ऐकलं "आंटी". दोन दिवस त्यांना चैन पडली नाही. कुणाची कोण बाई, आणि तिला असं बर्फात कोंडायचं म्हणजे काय? मग मी खुलासा केला की आंटी म्हणजे करंगळीएवढ्या नळीतलं चार थेंब पाणी आहे. त्यावर ते म्हणाले, "मग करंगळीएवढं शिवतो." चार महिने खपून, थरथरत्या हाताने, आत कापूस भरून त्यांनी ती पिशवी शिवली. तिच्यावरचे टाके रांगत रांगत कुठून कुठे गेले आहेत ते मी रोज बघतो. कापडात गुंडाळलेली वस्तू त्या फ्रीझरमध्ये ठेवायची सोय नाही हे मी त्यांना कधी कळवलं नाही. नळी करंगळीएवढी सांगितली होती, पण पिशवी शिवताना बाबांनी स्वतःची करंगळी न धरता अंगठा धरला असावा, त्यामुळे सरांचा घडीचा चष्मा तिच्यात नेमका बसतो.

या आंटींचा जन्म सशाच्या रक्तातला. काजवाल्याचा एक लहानसा तुकडा करून सशाला टोचतात. सशाचं शरीर म्हणतं, हा कोण उपरा, आणि त्याला पकडायला माणसं सोडतं. ही माणसं म्हणजे अँटिबॉडी. मग आपण पेशी चिरडायच्या, त्यांचा रस जेलीच्या लादीतून पळवायचा म्हणजे जाडी प्रथिनं मागे रेंगाळतात आणि लहान पुढे जातात. ते सगळं एका कागदासारख्या पडद्यावर उतरवून घ्यायचं, दुधाच्या पावडरच्या पाण्यात भिजवायचं (म्हणजे आंटी वाटेल तिथे चिकटत नाहीत), आणि मग आंटींचे थेंब सोडायचे. जिथे काजवाला असेल तिथे आंटी ठाण मांडतात, आणि फिल्मवर काळी रेघ उमटते. पहिल्यांदा रेघ उमटली तेव्हा मी त्या फिल्मचा फोटो घरी पाठवला होता. तो बाबांनी चौकटीत घालून मशीनच्या वर टांगला. माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला हात वर करायला सांगून "आता समोर बघा, हा आमच्या पोराने पकडलेला काजवाला" असं ते सांगतात, हे तूच मला कळवलं होतंस.

रेघ जिथे असायला हवी त्याच्या जरा खाली होती, वहिनी. मला तेव्हाच दिसलं होतं. सर म्हणाले, पेशीतून काढताना काजवाल्याचं शेपूट तुटत असेल. मी मान डोलावली. मग जो येईल त्याला आम्ही शेपूट तुटलं म्हणून सांगायचो, आणि तोही मान डोलवायचा. पुढे ते शेपूट कुठे तुटतं याच्यावरही मी दीड वर्ष काम केलं. नसलेल्या शेपटीवर दीड वर्ष.

भाजी करपत नाहीये ना? कंस अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात आंटींची नळी संपत आली. मी कंपनीला लिहिलं की याच खेपेची आणखी एक पाठवा. उत्तर आलं की या खेपेचा प्राणी आता सेवेत नाही. किती सुरेख बोलतात बघ. ससा मेला होता. एका सशाच्या रक्तातून जेवढ्या आंटी निघायच्या तेवढ्या निघाल्या, आता नव्या सशाच्या नव्या आंटी घ्या. संध्याकाळी सर म्हणाले, "सहा वर्षं आपण त्याच्या जिवावर जगलो, आणि कधी त्याची चौकशीसुद्धा केली नाही." मला उगाच अपराधी वाटलं. आपल्याकडे कुणी गेलं तर मी भेटायला जायचं टाळतो आणि इथे न पाहिलेल्या सशासाठी हळहळत बसलो.

नव्या आंटी आल्या. त्यांना जुन्या जागी काहीच दिसेना. वर कुठेतरी, अगदी फिकट, पेन्सिलीने काढून खोडल्यासारखी एक रेघ त्या दाखवायच्या आणि गप्प बसायच्या. सरांचं मत असं पडलं की हल्लीच्या सशांत पूर्वीचा दम राहिलेला नाही. मी तोच प्रयोग अकरा वेळा केला. चौथ्या वेळेला स्टोअरमधल्या बाईंनी दुधाची पावडर म्हणून चहात घालायची गोड पावडर दिली, आणि डबा तसाच दिसतो म्हणून मीही ती घातली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पडद्यावर मुंग्या. वहिनी, इतकी ठसठशीत, इतकी सरळ काळी रेघ त्या महिन्यात मला दुसऱ्या कोणी दाखवली नव्हती. सरांनी चष्मा नसल्यामुळे क्षणभर माझं अभिनंदनही केलं.

शेजारच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत. कुणाचंही व्याख्यान संपलं की हात वर करून "मला एक शंका आहे" म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना शंकाबाई म्हणतो. त्यांनी माझे अकरा पडदे ओळीने मांडून पाहिले आणि विचारलं, "ज्यांत काजवाला मुळातच नाही अशा पेशी कधी लावून बघितल्या का?" (काजवाला हा शब्द आता या मजल्यावर सगळेच वापरतात, बाबांना सांगायला हरकत नाही. अरे हो, हे तर कंसात आहे.) मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, "सहा वर्षांत?" मी म्हणालो, सहा वर्षांपूर्वी अशा पेशी सहज मिळत नव्हत्या. हे खरं आहे. त्यानंतरच्या पाच वर्षांत मिळत होत्या, हेही खरं आहे, पण ते मी बोललो नाही. रेघ चौकटीत जाऊन बसल्यावर ती खरी आहे का असं विचारायला माणूस धजत नाही.

शंकाबाईंनी त्या पेशी दिल्या. त्यांच्यातून काजवाल्याचं जनुकच कापून टाकलेलं आहे, काजवाला असणं शक्यच नाही. मी एका बाजूला साध्या पेशी लावल्या आणि दुसऱ्या बाजूला या बिनकाजवाल्याच्या. जुन्या आंटींचे शेवटचे तीन थेंब राहिले होते, ते घातले. लाल दिव्याच्या खोलीत फिल्म धुताना मी देवाला सांगितलं की एकच रेघ येऊ दे. दोन आल्या. दोन्ही तितक्याच काळ्या, तितक्याच जाड. ज्या घरात काजवाला राहतच नाही त्या घरातही आंटी त्याला "या, बसा" म्हणत होत्या. मग मी नव्या आंटी लावल्या. त्यांची ती वरची फिकट रेघ साध्या पेशींत होती आणि बिनकाजवाल्याच्या पेशींत नव्हती. म्हणजे आळशी ठरवलेला नवा ससाच खरं बोलत होता. आमच्या जुन्या आंटी इतकी वर्षं कुठल्यातरी भलत्याच, जरा लहान प्रथिनाच्या गळ्यात पडत होत्या. त्याचा बाबांच्या हाताशी काही संबंध नाही. कुणाच्याच हाताशी नसावा.

(कंसातला कंस. हा तूही वाचू नकोस. त्या दोन रेघा बघून मला पहिल्यांदा बाबा आठवले नाहीत. माझी सहा वर्षं आठवली, माझं नाव, काजवाल्यावरचा माझा छापून आलेला निबंध. बाबा दहा मिनिटांनी आठवले. याची मला लाज वाटते.)

सरांना सांगायला गेलो. त्यांनी फिल्म उलटी धरली. मी सुलटी करून दिली. त्यांनी ती पुन्हा उलटी केली आणि बराच वेळ बघितली. दोन्हीकडून ती सारखीच दिसत होती. मला वाटलं आता ओरडतील, किंवा सशांवर घसरतील. ते म्हणाले, "शेपूट नव्हतंच, नाही का?" मी म्हणालो, नव्हतं सर. ते म्हणाले, "मीच म्हणालो होतो ना शेपूट?" मी म्हणालो, मीही मान डोलावली होती. मग त्यांनी बाबांच्या पिशवीतून चष्मा काढला, कागद घेतला आणि आमचा निबंध मागे घेत असल्याचं पत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसले. चूक माझी, असं त्यांनी त्यात स्वतःबद्दल लिहिलं. माणूस मोठा आहे, चहात बटण पडलं तरी मोठा आहे. सही करून झाल्यावर ती पिशवी हातात फिरवत त्यांनी विचारलं, "आणि मास्तरांना काय सांगणार?" सगळी गल्ली बाबांना मास्तर म्हणते ते ठीक, पण बाबांना कधी न पाहिलेले सरसुद्धा मास्तरच म्हणतात. माझा हात खिशाकडे गेला.

कारण तुझं मागचं पत्र माझ्या खिशात होतं. डॉक्टर म्हणतायत ऑपरेशन आत्ताच करून घ्या, हात बराच स्थिर होईल. आणखी वर्षभर थांबलात तर मग उपयोग नाही. बावीस तारखेला दाखवायला बोलावलंय आणि तेव्हाच कागदावर सही करायची आहे. आणि बाबा म्हणतात, "आंटींचं काय होतंय ते कळू दे, मग बघू." वहिनी, माझ्या एका थापेपायी एक माणूस ऑपरेशनाला नाही म्हणतोय. मी औषध आणायला गेलो होतो आणि आहे तो इलाजही मी अडवून बसलोय. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता कंस बंद करतो. कुठे उघडला होता ते पाहायला चार पानं मागे जावं लागलं.)

तर बाबा, असं सगळं आहे. आंटी सध्या विश्रांती घेत आहेत. नव्या आंटी आल्या आहेत, स्वभावाने अबोल आहेत पण कामाला चोख वाटतात. प्रयोगशाळेत मुंग्या झाल्या होत्या, त्यांचा बंदोबस्त केला. जेवण वेळेवर होतं. तुम्ही सुईला हात लावताना उजेडाकडे तोंड करून बसत जा. दादाला म्हणावं, आठवड्यातून एकदा तरी मशीनला तेल घाल.

तुमचा,
धाकटा

ता. क. (हाही कंसातच. वहिनी, खरं काम हे आहे, बाकी सगळं त्याच्यासाठी गोळा केलेलं. बाबांना सांग की आंटी वारल्या. वय झालं होतं, त्रास काही झाला नाही, झोपेतच गेल्या, असं सांग. तुला दुकानात लोकांना वाईट बातम्या हळू आवाजात सांगायची सवय आहे. आंटीच गेल्या म्हटल्यावर औषधाचं काम आपोआप थांबलं, त्यात पोराचा काही दोष नाही, आणि आता ऑपरेशनाशिवाय गत्यंतर नाही, असं ओघाने येईल. दोनेक दिवस सुतक पाळल्यासारखं तोंड करून फिरलीस तर उत्तम. भिंतीला रंग द्यायचाय या निमित्ताने ती चौकटही उतरवून ठेव आणि पुन्हा लावायला विसर. हे मी स्वतः यायला हवं आणि समोर बसून बोलायला हवं, मला कळतं. पण मी भित्रा आहे. लहानपणी शर्ट फाटला की मी आधी आईकडे जायचो आणि आई गेल्यापासून तुझ्याकडे येतोय.)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. पोस्टात जायला उठलो तर ॲप्रनची दोन बटणं एकदम गेली. शंकाबाई तिथेच होत्या. म्हणाल्या, बाजूची शिवण उसवा की, आत कापड असेल. त्यांच्याकडचं पातं घेऊन मी एक बाजू उसवली. आत तीन बोटं कापड निघालं. दुसरी बाजू उसवली, तिथेही तीन बोटं. नीट घडी घालून, इस्त्री फिरवून दाबून ठेवलेलं, सहा वर्षांत ऊन न लागलेलं, पांढरंशुभ्र. शंकाबाईंनी विचारलं, "एवढं कापड आत कशाला?" मी सहज म्हणालो, "ही माया. शिंपी शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतो ना, पुढे सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात." आणि बोलता बोलता खाली बसलो.

"पोरगा माया फार ठेवतो." ते प्रेमाबिमाचं बोलतच नव्हते गं. ते कापडाबद्दल बोलत होते. पाकिटातून चार पानं निघतात आणि तू वाचतेस दोन पानांएवढं. तू कितीही सफाईने कंस ओलांडलास तरी पन्नास वर्षं कापड बेतलेल्या माणसाला हातातल्या तुकड्यात आणि अंगावर आलेल्या कपड्यात किती फरक पडला ते कळतंच. सहा वर्षं त्यांना माहीत आहे की पोरगा आत काहीतरी दुमडून ठेवतो. त्यांनी कधी तुला उसवायला सांगितलं नाही.

आणि हा ॲप्रन त्यांनी कधी शिवला? मी "वर्षभरात आणतो" म्हणून निघालो तेव्हा. वर्षभरासाठी निघालेल्या सडपातळ पोराच्या ॲप्रनला त्यांनी दोन्हीकडे तीन-तीन बोटं माया ठेवली. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं की हे काम लांबणार, पोरगा तिथेच जाडा होणार, औषध काही इतक्यात येत नाही. मग ते ऑपरेशन का टाळतायत? ते आंटींसाठी थांबलेले नाहीत, वहिनी. आपण आधी ऑपरेशन केलं तर पोराला वाटेल आपला त्याच्यावर भरवसा नव्हता, म्हणून ते थांबलेत. मी स्वतःहून सांगेन म्हणून थांबलेत. मी शंकाबाईंच्या समोर रडलो. त्यांनी पहिल्यांदाच काही शंका विचारली नाही.

ता. क. तिसरा. आंटींना मारू नकोस. सुतकी तोंड करू नकोस. चौकट भिंतीवर राहू दे. काढायची की ठेवायची ते बाबा ठरवतील, शेवटी टांगली त्यांनीच आहे. एकवीसला संध्याकाळी मी येतोय, बावीसला डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मी जाईन. सही करताना हात हलला तरी चालतं म्हणावं. सरांनी पिशवी परत दिली आहे, ती घेऊन येतो, आणि ॲप्रन पण आणतो, दोन्ही बाजू उघड्याच आहेत, हात बरा झाला की शिवून द्या म्हणावं.

आता तू स्वयंपाकघरातून बाहेर ये, स्टूल ओढ, आणि त्या अर्धवट नमस्कारापासून सगळं वाच. कंसातला कंस पण. वेळ दुप्पट लागेल, बाबांना अंदाज आहे. कुठेही थांबू नकोस वहिनी, या वेळी मायेसकट वाच.